सातवी रेघ

बांबू फाडल्याचा आवाज ऐकतच मी मोठी झाले. कोयत्याचा पहिला घाव बसला की बांबू तड्‌दिशी बोलतो आणि मग प्रत्येक पेरापाशी जरा अडत, कुरकुरत खालपर्यंत उकलत जातो. आमच्या आळीत सकाळी सातपासून हा आवाज सुरू व्हायचा आणि तो थांबला की समजायचं, जेवायची वेळ झाली. पनवेलच्या बाजाराच्या मागच्या अंगाला आम्हा बुरुडांची दहाबारा घरं होती. घर म्हणजे पुढे ओटा, तोच कारखाना. मागे एक खोली आणि तिच्या मागे चूल. भिजत घातलेल्या बांबूचा आंबूस, हिरवट वास कपड्यांना, अंथरुणाला, भाकरीलासुद्धा लागायचा. शाळेतल्या मुली माझ्या शेजारी बसताना नाक मुरडायच्या तेव्हा मला कळायचं नाही की कशाला, कारण मला तो वास येतच नसे. कळलं तेव्हा मी वास घालवायचा प्रयत्न केला नाही. उलट मुद्दाम मधल्या बाकावर जाऊन बसायला लागले.

आई मी लहान असताना गेली. मला वाढवलं ते माझ्या आत्याने. यमुआत्या बाबांपेक्षा सात वर्षांनी मोठी, उंचपुरी, नवरा गेल्यावर भावाकडे परत आलेली. तिला अक्षर म्हणून ओळखता येत नव्हतं, पण कामटी हातात घेतली की ती तिच्याकडे बघतही नसे. कामटी म्हणजे बांबू फाडून, सोलून काढलेली पातळ पट्टी. उरणकडच्या कोळणी मासळीच्या टोपल्या न्यायला यायच्या, त्यांच्याशी कडाकडा भांडता भांडता आत्याची बोटं आपली वर-खाली, वर-खाली चाललेली असायची, आणि भांडण मिटेस्तोवर टोपलीचं बूड तयार. सुपं, रोवळ्या, परड्या, कोंबड्यांची डालगी, सगळं तिच्या हातून निघायचं. बाबा बांबू फाडायचे, कामट्या सोलायचे आणि गप्प असायचे. ते देवमाणूस होते, पण जगातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला ते ‘साहेब’ म्हणत. पोस्टमनलाही, शाळेच्या कारकुनालाही. आत्या चिडायची. "तुज्या तोंडाला लागलाय तो साहेब," ती म्हणायची, "येक दिस कुत्र्याला बी म्हनशील."

जेवायला आम्ही ओट्यावरच बसायचो, बांबूची सालं एका बाजूला लोटून. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. आंब्याच्या दिवसांत कैरी घातलेला जवळा. थंडीत वालाचं बिरडं, ज्याच्यासाठी आदल्या दिवसापासून वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलायला आत्या मला बसवायची. आत्याचं बिरडं अजून माझ्या जिभेवर आहे. माझ्या स्वयंपाकघरात आज सगळं काही आहे, पण ते बिरडं मला साधलेलं नाही. पाट्यावर वाटलेल्या खोबऱ्यात बांबूचं एखादं कुसळ पडत असेल, त्याचीच ती चव असावी, असं मी आता मानून घेतलं आहे.

बारावीला मला गणितात चांगले मार्क पडले आणि त्याच वर्षी एस. टी. स्टँडजवळ कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. तेव्हा पनवेलमध्ये कॉम्प्युटर म्हणजे आज विमानतळ तसा. बघायलाच लोक जिना चढायचे. काचेच्या दारामागे आठ मशिनं, खाली गालिचा, थंडगार हवा, चपला बाहेर. एका वर्षाचा डिप्लोमा होता. मी बाबांना म्हटलं, मला तिथे जायचंय. बाबा म्हणाले, "आपल्याला जमंल काय ते?" आत्या म्हणाली, "आपल्याला नाय जायचं, तिला जायचंय." विषय संपला.

शिकवणारे सर हुशार होते, हे मी कबूल करते. त्यांचं बोलणं स्वच्छ, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. पण पहिल्याच दिवशी हजेरी घेताना माझं नाव वाचून ते थांबले आणि म्हणाले, "बुरूड आळी ना? तिथे वीज आहे का?" सगळे हसले. मी म्हटलं, "आहे, सर. बिलही वेळेवर भरतो." मग कोणी हसलं नाही. त्या दिवसापासून सरांनी माझ्याकडे बघून शिकवणं बंद केलं. मी मात्र त्यांच्याकडे बघतच शिकले. माझ्या वाट्याला मशीन दुपारी दोन ते तीन यायचं. त्या तासासाठी मी बाकीचा दिवस वहीत प्रोग्राम लिहून तयार ठेवायची, खाडाखोड करून, हाताने चालवून बघून.

शेवटच्या तीन महिन्यांत प्रत्येकाने एक प्रोजेक्ट करायचा होता. सरांनी फळ्यावर यादी लिहिली: ग्रंथालय, दवाखाना, पगारपत्रक, शाळेचा निकाल. एकेकाने उठून नाव सांगायचं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मला विणकाम करायचंय, सर. आपण नुसत्या सरळ रेघा द्यायच्या, एकमेकींना छेदणाऱ्या. कॉम्प्युटरने त्या रेघांच्या रुंद पट्ट्या करायच्या आणि त्या एकमेकींत विणून दाखवायच्या, एक वरून, एक खालून. जशी नक्षी दारांच्या चौकटींवर असते, तशी."

सर खडू हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टोपल्याच विणायच्या होत्या, तर इथे कशाला आलीस?"

या वेळी हसू जास्त मोठं होतं. खरं सांगायचं तर तोपर्यंत माझा विचार पक्का नव्हता. पगारपत्रकही मी केलं असतं. पण ते वाक्य ऐकलं आणि माझा प्रोजेक्ट ठरला. "टोपल्यांसाठीच आले, सर. लिहून घ्या," मी म्हटलं. माझे कान तापले होते, पण आवाज कापला नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. मी सहा रेघा घेतल्या. प्रत्येक रेघेची पट्टी काढली की जी शेवटी काढली तीच सगळ्यांच्या वर जाऊन बसायची, आणि पहिली बिचारी सगळ्यांच्या खाली. रस्त्यावर लाकडं टाकावीत तशा पट्ट्या एकीवर एक पडलेल्या. ते विणकाम नव्हतंच. मी ओट्यावर वही घेऊन कपाळाला आठ्या घालून बसले होते, तेव्हा आत्याने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग वरनं ठेवू नको. शेवटच्या कामटीला बी खाली जावं लागतं. हे बघ, येकदा वर गेली की म्होरच्या कामटीला खालनं जायचं. लहान पोराला बी कळतंय."

मी तसं केलं. प्रत्येक पट्टी वाटेत कुणाकुणाला भेटते ते क्रमाने मांडलं आणि सांगितलं: एकदा वर, एकदा खाली. आता नवंच भांडण उभं राहिलं. एका छेदावर पहिली पट्टी म्हणे मी वर, आणि दुसरी तिच्या बाजूने मोजत आली तर तीही म्हणे मीच वर. कोणी कुठून सुरुवात करायची याचा मेळ बसेना. आठ दिवस गेले. मी सहा रंगीत कामट्या घेऊन ओट्यावर वेड्यासारखी आडव्या-तिरक्या मांडत होते. शेवटी आत्याने माझ्या हातातून त्या ओढून घेतल्या, पटापट विणल्या आणि माझं बोट धरून दोन कामट्यांमधल्या मोकळ्या जागेत ठेवलं. त्या मोकळ्या जागेला ती ‘घर’ म्हणायची.

"कामटीकडं बघू नको, घराकडं बघ," ती म्हणाली. "ह्या घराच्या भवती बोट फिरव. परतेक कामटी कशी जाते? खालनं निघते, वर चढते. दुसरी बी खालनं वर. तिसरी बी. आता शेजारच्या घरात बोट घाल. तितं?"

मी बोट फिरवलं. तिथे प्रत्येक कामटी वरून निघत होती आणि खाली उतरत होती. त्याच्या शेजारच्या घरात पुन्हा उलट. बुद्धिबळाच्या पटासारखं: एक काळं, एक पांढरं. आत्या चाळीस वर्षं हे करत होती, आणि कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिने कधी सांगितलं नव्हतं.

मग गणिताचं काम माझं होतं. घर काळं की पांढरं हे मशीनला कसं कळणार? प्रत्येक रेघेला एक डावी बाजू असते, एक उजवी. कागदावर कुठेही बोट ठेवलं तर ती जागा किती रेघांच्या डावीकडे पडते ते मोजायचं. आकडा सम आला तर घर पांढरं, विषम आला तर काळं. एक रेघ ओलांडली की आकडा एकाने बदलतो, म्हणून शेजारची दोन घरं कधीच एका रंगाची होत नाहीत. छेदाशेजारचं घर बघायचं आणि वर कोण, खाली कोण ते ठरवायचं, बस. माझा चार पानी प्रोग्राम दीड पानावर आला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी तो मशीनवर घातला आणि काळ्या पडद्यावर हिरव्या पट्ट्या एकमेकींच्या वरून-खालून जात उमटत गेल्या. शेजारच्या मशीनवरची मुलगी तिचा दवाखाना सोडून बघायला आली. मी पुढचे काही दिवस रेघा बदलून बदलून चांदण्या केल्या, जाळ्या केल्या. आज कुणीही फोनवर बोट फिरवून असलं हजार प्रकारचं काढतो. काढोत. आम्ही ते शून्यातून काढलं होतं, मी आणि यमुआत्याने.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी सरांनी माझी छापील पानं हातात घेतली, उलटसुलट केली. मग शांतपणे म्हणाले, "कुठल्या मासिकातून उतरवलंस?"

"मासिक नाही, सर. मी केलंय."

"दीड पानात? हे असलं मला तासभर बसावं लागेल समजायला. परदेशी मासिकातलं आहे हे. किंवा कुणीतरी करून दिलंय. खरं सांग, म्हणजे परीक्षेला बसू देईन."

त्यांनी माझी डिस्क ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी बाबांना बोलावणं धाडलं. वर्ग ज्यांच्या मालकीचा होता त्या बाईंच्या खोलीत एक कागद तयार होता. ‘सदर प्रोजेक्ट मी स्वतः केलेला नाही, याबद्दल मी दिलगीर आहे.’ खाली सहीसाठी जागा सोडलेली. बाबा धुतलेला सदरा घालून आले होते, आणि त्यांच्या मागे, कुणी बोलावलेलं नसताना, यमुआत्या.

बाबांनी आत शिरतानाच हात जोडले. "साहेब, पोर हाय. चुकली आसंल." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "रत्ना, कर सही. वरीस वाया जाईल गं."

मला बाबांचा राग आला नाही. मला त्या जोडलेल्या हातांची लाज वाटली आणि लाज वाटल्याचा राग आला, आणि तो सगळा राग मी सरांकडे वळवला. "मी सही करणार नाही," मी म्हटलं. "जे मी केलंय ते केलं नाही असं लिहून देणार नाही. मला मोकळं मशीन द्या. डिस्क नको, वही नको. रेघा तुम्ही काढून द्या, तुम्हाला हव्या तशा. मी तुमच्यासमोर बसून करते."

"ही भाषा बघा हिची," सर बाईंना म्हणाले.

"भाषा राहू दे," आत्या म्हणाली. "माज्या भावानं हात जोडले ते त्याचे. पोरीचे हात मोकळे हायत. बसवा तिला."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बसू दे," त्या म्हणाल्या.

सरांनी आलेखाच्या कागदावर फूटपट्टीने रेघा मारल्या. सहा नाही, सात. मी मशिनांच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले. मागे बाई, सर, बाबा, आत्या आणि दारात वर्गातली दहाबारा मुलं-मुली. पहिली पाच मिनिटं मला एक अक्षर आठवेना. मशीनच्या पंख्याचा घुर्र आवाज आणि सरांच्या फूटपट्टीची टकटक. मग मी डोळे मिटले आणि ओट्यावरच्या त्या घरात बोट फिरवून बघितलं: खालून निघते, वर चढते. आणि हात चालायला लागला. दीड तास गेला. सातही रेघांची टोकं मोजून टाइप केली आणि प्रोग्राम चालवला.

पट्ट्या उमटल्या. वर, खाली, वर, खाली. आणि मग उजवीकडच्या भागात सगळं बिघडलं. पट्ट्या लागोपाठ दोनदा वर जात होत्या, विणीला भोक पडल्यासारखं. सर हसले. मोठ्याने नाही, नाकातून. "पाठ केलेलं असलं की असंच होतं. सहा रेघांचं पाठ होतं, मी सात दिल्या."

पडद्यावर सगळंच हिरवं-काळं दिसत होतं, चूक कुठे आहे तेच दिसेना. तेवढ्यात आत्या पुढे आली. तिने आयुष्यात प्रथमच कॉम्प्युटर बघितला होता. काचेला बोट लावायची बंदी होती. तिने सरळ बोट टेकवलं.

"ही कामटी," ती म्हणाली. "हिच्या अल्याड बरोबर हाय, पल्याड चुकतंय. हिच्या दोनी अंगाची घरं सारकीच लागलीत. रत्ना, हिला तू मोजलीच नाय."

मी बघितलं. ती सातवी रेघ होती. मोजायच्या ओळीत मी सवयीने एक ते सहा लिहिलं होतं. काढताना सात काढल्या, आणि घरांचे रंग ठरवताना सहाच मोजल्या. मी सहाचा सात केला. एक आकडा. परत चालवला, आणि सातही पट्ट्या एकमेकींत बसल्या, कुठे एक टाका चुकला नाही.

मग बाई आत्याला म्हणाल्या, "तुम्हाला कॉम्प्युटर येतो?"

"नाय," आत्या म्हणाली. "वीण येते."

बाई सरांकडे वळल्या. "तिनेच केलंय," एवढंच म्हणाल्या. सरांनी मान हलवली, पण हरल्यासारखी नाही. ते म्हणाले, केलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण हे निरुपयोगी आहे, आणि तिने सगळ्यांसमोर जे उद्धट वर्तन केलं त्याचं काय? तिने माफी लिहून द्यावी, मी पास करतो. बाईंना दोन्ही बाजू सांभाळायच्या होत्या. "लिहून टाक," त्या मला मऊ आवाजात म्हणाल्या, "दोन ओळींचा तर प्रश्न आहे."

मी म्हटलं, "चोरीचा आळ घेतला त्याच्या दोन ओळी सर लिहितील का? मग मीही लिहिते." मी पडद्यावरची ती वीण छापून घेतली, कागद फाडून हातात घेतला आणि जिना उतरले. मागून आत्या. सगळ्यात शेवटी बाबा. ते जाताना पुन्हा एकदा बाईंना नमस्कार करून आले, हे मी वळून न बघताही ओळखलं.

मला अनेकांनी विचारलंय की त्या दिवशी नमतं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं. व्यवहाराने बघितलं तर काहीच नाही. उलट न घेतल्याने बिघडलं. पुढची दोन वर्षं मला कुठे दारात उभं केलं नाही. जो तो प्रमाणपत्र मागे. शेवटी कळंबोलीच्या एका छापखान्यात मालकाला मी म्हटलं की मला मशीनवर बसवून बघा, आणि त्याने बसवलं, तिथून माझी गाडी रुळावर आली. पण मला या प्रश्नाचाच कंटाळा आहे. नमतं घेतलं असतं तर ते दीड पान माझं राहिलं नसतं, आणि आत्याचंही नसतं. ते कुणाचंच राहिलं नसतं.

त्या प्रसंगानंतर पंधराएक दिवसांनी वर्गाचा शिपाई आमच्या आळीत आला. मी मागे चुलीपाशी तांदूळ निवडत होते. ओट्यावर बाबा एकटेच होते. शिपाई भला माणूस होता. तो सांगत होता की बाईंनी सरांची समजूत घातलीय, प्रमाणपत्र तयार आहे, हे बघा, नाव घालून आणलंय. फक्त ह्या दुसऱ्या कागदावर सही पाहिजे.

"काय लिवलंय त्याच्यात?" बाबांनी विचारलं.

शिपायाने वाचून दाखवलं. माझ्याकडून झालेल्या उद्धट वर्तनाबद्दल मी क्षमा मागते, वगैरे. मी सूप खाली ठेवलं आणि उठले, कारण बाबा आता मला हाक मारतील आणि मला त्यांना नाही म्हणावं लागेल, याची मला खात्री होती. दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"ती चुकली नाय," बाबा म्हणत होते. "घेऊन जा परत."

"अहो बाबा, नुसती सही आहे. पोरीचं कल्याण होईल."

"व्हईल. पन सही नाय व्हनार." बाबांचा आवाज नेहमीसारखाच खाली होता, शिपायाला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. "मी तितं व्हतो. मी बघितलं. चुकला त्यो तुमचा मास्तर."

शिपाई दोन्ही कागद घडी घालून खिशात ठेवून गेला. बाबांनी वळून पाहिलं तर मी दारात. एखादी वस्तू फोडून बसलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला.

"तुला पायजे व्हतं काय ते?" त्यांनी विचारलं. "तुला न इचारताच परत धाडलं मी."

"नको होतं, बाबा."

"मंग बरं झालं," ते म्हणाले.